खाऱ्या पाण्याची नाडी

“पाण्याक हात लावच्याआधी पाण्याचा आयक गो, केतू.”

आवाज बाबांचा. सर्जेकोटची पुळण, ओहोटी लागलेली, ओल्या वाळूवर खेकड्यांनी काढलेली बारीक रांगोळी. केतकी तेव्हा तिसरीत होती. बाबा गुडघाभर पाण्यात उभे राहायचे, मान एका अंगाला कलती करायचे आणि पाणी ऐकायचे. एखादी बाई आतल्या खोलीत निजलेलं बाळ ऐकते, तसं. मग म्हणायचे, आज बांगडो आसा. आणि असायचा.

त्याच वर्षी, नारळी पौर्णिमा होऊन गेल्यावर, होडी गेली. बाबा, सदानंद मोंडकर, होडीचे तांडेल, सुकाणू त्यांच्या हाती. बंदरावर धोक्याचा बावटा लागलेला असताना त्यांनी होडी काढली होती. सोबत आईचा पाठचा भाऊ विश्राममामा होता, आणखी तिघं होते. तिघांना दुसऱ्या होडीनं उचललं. मामाचा देह काही दिवसांनी किनाऱ्याला लागला. बाबांचा लागलाच नाही. गावानं वाट पाहिली, आणि मग दर्भाचा पुतळा करून त्याला अग्नी दिला. पुतळा किती भर्रकन जळतो, हे केतकीनं तेव्हा पाहिलं.

आता ती नागपुरात राहत होती, समुद्रापासून जितकं लांब राहता येईल तितकं लांब. कॉलेजात रसायनशास्त्र शिकवायची. आणि तिच्या हॉलच्या लांब भिंतीला लागून एक समुद्र होता. काचेचा, माणसाच्या उंचीचा, जिवंत. तळाला पांढरी वाळू, वाळूवर खडक, खडकांवर पोवळ्यांच्या जांभळ्या-हिरव्या फांद्या, आणि समुद्रफुलाच्या बोटांत लपाछपी खेळणारी क्लाउनफिशची जोडी. माशांची दाढी-दातकोरणी करणाऱ्या लाल-पांढऱ्या कोळंबीला केतकीच्या नवऱ्यानं, सुमेधनं, ‘डेंटिस्ट’ असं नाव दिलं होतं. आणि या सगळ्यांवर राज्य करणारी, आकाशी अंगाची, पिवळ्या पाठपंखाची मासळी, राणी.

त्या सकाळी राणीच्या अंगावर मीठ सांडल्यासारखे ठिपके दिसले.

केतकीच्या हातातला चहा तसाच राहिला. “सुमेध! अरे, इकडे ये लवकर.”

“काय झालं बाप्पा? सकाळी सकाळी काहून ओरडून राहिली?” सुमेध दात घासत आला. त्यानं काचेला नाक लावलं. “हे तर ते पांढरे ठिपके. पण नाडी काही बोलली नाही?”

“तेच तर. तिनं ठिपके दिसायच्या आधी सांगायला हवं होतं.”

नाडी म्हणजे टाकीखालच्या गाळणीच्या हौदात बुडवलेली, नारळाएवढी एक करडी पेटी. गेल्या काही वर्षांत ती घरोघरी आली होती. आधी मासे पाळणाऱ्यांकडे, मग विहिरींवर, मग गावच्या टाक्यांवर. तिचं काम सांगायला सोपं. पाण्यात राहणारा प्रत्येक जीव पाण्यात आपलं काहीतरी सांडत असतो. खवल्याचा कण, अंगावरचा बुळबुळीत थर, विष्ठा, मेलेली पेशी. त्या प्रत्येक कणात डीएनएचा धागा असतो आणि धाग्यात त्या जीवाची ओळख. नाडी घोट घोट पाणी ओढते, धागे वाचते आणि कोण कोण आहे ते सांगते. पाहुणा कितीही बारीक असो, तो उंबऱ्याशी आला की तिला कळतं.

आणि ती औषधही करते. पूर्वी या ठिपक्यांवर खात्रीचं औषध म्हणजे तांबं. पण तांबं परजीवीला मारतं तसं कोळंबीला मारतं, पोवळ्यांना मारतं. म्हणून आजारी मासे बाहेर काढून वेगळ्या, उघड्याबोडक्या दवाखान्याच्या टाकीत ठेवावे लागत आणि मोठी टाकी कित्येक आठवडे माशांविना रिकामी ठेवावी लागे. कारण ठिपका नुसता अंगावर नसतो. तो पिकून गळतो, वाळूत पडतो, कवच धरून बसतो, आणि कवच फुटलं की शेकड्यांनी नवी पिल्लं मासा शोधत निघतात. नाडी त्या परजीवीच्या एकाच जनुकाचं तोंड बंद करणारा आरएनएचा तुकडा विणते. तो दुसऱ्या कुणाच्या कामाचा नसतो. कोळंबी सुखी, पोवळी सुखी.

केतकीनं फोनवर नाडीला विचारलं. उत्तर आलं: परजीवी टाकीत वर्षभर आहे, अगदी थोडा. निरोगी मासा त्याला दाद देत नाही. आता मासे अशक्त झाले आहेत. औषध चालू करते आहे. पण आजार दुसरा आहे. शोधते आहे.

“म्हणजे डॉक्टरनी ताप उतरवायची गोळी दिली आणि रिपोर्ट उद्या,” सुमेध म्हणाला.

त्यांच्या मागं केतकीची आई येऊन उभी होती. इंदुमती, केतकी तिला अजून मालवणीतच ‘आये’ म्हणायची. गुडघ्यांच्या दुखण्यामुळं गाव सोडून लेकीकडे आली, त्याला आता बरेच दिवस झाले होते. पहिल्याच दिवशी तिनं टाकीत बोट बुडवून जिभेला लावलं होतं आणि म्हणाली होती, “मिठाचा पाणी. दर्याचा नाय.” केतकी तेव्हा चिडून तिला क्षारांची नावं सांगत बसली होती. सोडियम तेवढंच, मॅग्नेशियम तेवढंच, पोवळ्यांना फरक कळत नाही तर तुला कसा कळेल? हा समुद्रच आहे, आये.

आता आयेनं राणीकडे पाहिलंच नाही. ती टाकीच्या डाव्या कोपऱ्यातल्या वाळूकडे पाहत होती.

*

औषधानं ठिपके गेले आणि पुन्हा आले. राणीनं खाणं सोडलं. पोवळ्यांवर तपकिरी शेवाळाचा पदर चढला, समुद्रफुलानं बोटं आवळून घेतली, आणि एका सकाळी क्लाउनफिशच्या जोडीतला नर पाण्यावर आडवा तरंगत होता. मादी त्याला खालून ढुशा देत होती.

केतकीला ते बघवेना. कॉलेजात तिनं सुट्टी टाकली.

त्याच दिवशी नाडीनं सांगितलं: पाण्यात फॉस्फेट चढतं आहे. शेवाळ त्यावर माजलं आहे, पहाटे प्राणवायू खाऊन टाकतं आहे, मासे गुदमरत आहेत. फॉस्फेट पाण्यातून येत नाही, वाळूतून येतं. डाव्या कोपऱ्यात. काहीतरी घन पदार्थ तळाशी मुरला आहे. तिथं हवा पोचत नाही, तिथले जिवाणू आम्ल सोडतात आणि तो पदार्थ थोडा थोडा विरतो आहे. उपाय: मासे हलवा, सगळी वाळू उपसून टाका, पाणी बदला.

केतकीनं राणीला, विधवा मादीला आणि डेंटिस्टला दवाखान्याच्या टाकीत हलवलं. पाणी आधी सारख्याच उष्णतेचं करून, थेंब थेंब मिसळत, लहान मुलाला न्हाऊ घालावं तशा हातानं. मग जाड नळी आणली, एक टोक वाळूत खुपसलं, दुसरं न्हाणीघराच्या मोरीत सोडलं.

आयेनं नळी हातानं चिमटून धरली.

“आये, सोड.”

“मोरयेत सोडू नको.”

“मग कुठं सोडू? गच्चीवरच्या झाडांना घालू? मरतील खाऱ्यानं.”

“उद्या कर.”

“राणी त्या उघड्या टाकीत उद्यापर्यंत राहील का? बघ तिच्याकडे, श्वास बघ तिचा.”

“केतू, मी सांगतंय ना. आज नको.”

“अगं पण का?”

खाली फरशीवर बसणं आयेला कित्येक महिन्यांत जमलं नव्हतं. ती भिंतीला धरून, ओठ चावत, खाली बसली आणि नळी मांडीखाली दाबून ठेवली. सुमेध दारात होता. सासू आणि बायको यांच्यामध्ये पडायचं नाही, एवढं शहाणपण त्याला लग्नानंतर लवकरच आलं होतं. पण आता तोही चक्रावला.

“आई, उठा न. गुडघे धरतील तुमचे.”

“धरूंदेत.”

केतकी रागानं हॉलमध्ये निघून आली. मागून आयेचा आवाज ऐकू आला. गात होती, फरशीवर बसल्या बसल्या, दळताना गावं तसं, स्वतःपुरतं:

*दर्या दादा रे, तुझ्या घराला नाही कडी*
*माझ्या भावाची तूच सांभाळ रे होडी*

लहानपणापासून केतकी ही ओळ ऐकत होती. आणि लहानपणापासून तिला एक खुपत होतं. आये भावासाठी गायची. नवऱ्यासाठी तिनं एकही ओळ कधी गायली नव्हती.

*

डाव्या कोपऱ्यात काय आहे?

केतकीनं लांब चिमटा घेतला आणि वाळू उकरली. वाळूच्या दाण्यांत दोन खडे सापडले. पोवळ्याच्या चुऱ्यासारखे पांढरे, पण पोवळं असं ठिसूळ नसतं. एक हलका, छिद्राछिद्रांचा. दुसरा हरभऱ्याएवढा, घट्ट, निळसर झाक असलेला. नाडीच्या पाठीला घन वस्तू तपासायची एक छोटी कुपी असते. केतकीनं ते एकामागून एक त्यात टाकले आणि डाळीला फोडणी द्यायला स्वयंपाकघरात गेली.

मोहरी तडतडत असताना फोन वाजला.

“हाड. माणसाचं. भाजलेलं.”

तिनं ते वाचलं. पुन्हा वाचलं. मोहरी करपली, धूर झाला, सुमेध धावत आला आणि त्यानं गॅस बंद केला.

“काय झालं?”

तिनं फोन त्याच्यासमोर धरला. सुमेध म्हणाला, “आपल्या टाकीत?”

खाली आणखी मजकूर होता. केतकीनं तो मोठ्यानं वाचला, वर्गात वाचावा तसा, कारण वर्गातला आवाजच तिच्याजवळ शिल्लक होता.

आपण ज्या भूमीवर राहतो तिथलं पाणी पितो, तिथलं धान्य खातो. त्या पाण्याधान्यातून स्ट्रॉन्शियम नावाचा धातू कणाकणानं अंगात येतो आणि हाडांत कॅल्शियमच्या जागी जाऊन बसतो. त्याचे जड आणि हलके प्रकार असतात, आणि त्यांचं प्रमाण प्रत्येक भूमीचं वेगळं. चितेच्या आगीत डीएनए जळून जातो, पण ते प्रमाण बदलत नाही. साधं हाड आयुष्यभर थोडं थोडं नवं होत राहतं, म्हणून ते माणसाची शेवटची वर्षं सांगतं. पण कानाच्या आतलं एक हाड आहे, देहातलं सगळ्यांत घट्ट. ते आईच्या पोटात आणि तान्हेपणी घडतं आणि पुन्हा कधी बदलत नाही. माणूस कुठं जन्मला, ते तेवढंच हाड सांगतं.

“घट्ट खडा कानाचा आहे,” केतकी म्हणाली. “जन्म, दक्षिण कोकणाचा किनारा. मालवणच्या आसपासचा.”

“आणि दुसरा?”

“शेवटची वर्षं. पेंच नदीचं पाणी.”

“म्हणजे नागपूर.”

“हो.”

मालवणकडे जन्मलेली आणि नागपूरचं पाणी प्यायलेली माणसं त्यांना दोनच माहीत होती. एक केतकी. एक आये. आणि दोघी जिवंत होत्या.

*

फोन पुन्हा वाजला. या वेळी माणसाचा होता. कुठल्याशा सरकारी कक्षातली मुलगी, आवाजात दिवसभराचा कंटाळा.

“मॅडम, तुमच्या यंत्रावरून पाण्यात मानवी अवशेषांची नोंद आलीये. नियमानं आपोआप येते. मयताचं नाव सांगता का?”

“मला माहीत नाही.”

“तुमच्याच घरातली टाकी आहे ना?”

“हो.”

“मग उद्या संध्याकाळपर्यंत कळवा. नाही तर आमची माणसं टाकी सील करतील, वाळू तपासणीला नेतील. बाटलीत भरून, काळजी करू नका.” जरा थांबून ती म्हणाली, “मॅडम, हल्ली खूप निघतंय असं. विहिरीत, हौदात. लोक काहीही टाकतात. आधी कुणाला कळायचं नाही.”

केतकीनं फोन ठेवला आणि न्हाणीघराच्या दाराशी गेली. आये अजून तिथंच, नळी मांडीखाली घेऊन.

“आये. टाकीत कुणाची हाडं आहेत?”

आयेनं डोळे मिटले.

“उद्या माणसं येतील. बाटलीत भरून नेतील. बाटलीवर नंबर टाकतील. चालेल?”

“बाटलयेत?” आये डोळे उघडून म्हणाली.

“हो, बाटलीत. कुणाची आहेत ते तुला माहीत आहे. मला सांग.”

आयेनं हात पुढं केला. केतकीनं आणि सुमेधनं तिला दोन्ही बाजूंनी धरून उठवलं आणि हॉलमध्ये सोफ्यावर बसवलं. समोर गढूळ झालेला समुद्र. तिनं पाणी मागितलं, प्यायली, आणि पेल्यात बघत म्हणाली,

“तुज्या बापाशीची.”

केतकी हसली. खरोखर हसली, दुसरं काय करायचं ते तिच्या चेहऱ्याला कळेना. “बाबा बुडाले, आये. बुडालेल्या माणसाची राख कुठून येते?”

“बुडाक नाय तो.”

सुमेधनं केतकीचा हात धरला. ती त्याला झटकून उभी राहिली, पुन्हा बसली.

आये सांगू लागली, तुकड्या तुकड्यांनी, जाळ्यातून मासे सोडवावेत तशी. तिला बांगडा आपल्या हातांनी निवडून घ्यायची सवय. म्हणून दर बुधवारी ती ई-रिक्षा करून मंगळवारी नावाच्या पेठेतल्या मासळीबाजारात जायची. रेल्वेनं बर्फातून समुद्राची मासळी येते, ती विकणारी एक ओळ आहे तिथं. ओळीच्या टोकाला एक म्हातारा मासळी साफ करून द्यायचा. त्याला सगळे विश्रामकाका म्हणायचे.

“विश्राम?” केतकी म्हणाली. “मामाचं नाव?”

“माज्या भावाचा नाव. तेच घेऊन जगलो तो. मी आपला इचारलंय, ‘बांगडो ताजो आसा?’ तेना वर बघल्यान. मी तेच्या हाताकडे बघलंय. अंगठ्याक तो वण होतो, जाळ्याच्या शिशाचो. केतू, तेच्या सुरयेखालचो मासो तसोच रवलो आणि माजी पिशवी खाली पडली.”

“मग?”

“मग काय. तेना मासो साफ केल्यान. मी घेतलंय आणि घराक इलंय.”

“काही बोलली नाहीस?”

“नाय.”

“पुढच्या बुधवारी?”

“‘बांगडो ताजो आसा?’ ‘आसा.’ ‘सुरमई?’ ‘आज घेऊ नको, कालची आसा.’ इतक्याच. दर बुधवारी इतक्याच.” आयेनं पदरानं नाक पुसलं. “तुजा लगीन हय झाला ता तेना गावच्या कोणाकडसून ऐकल्यान होता. तेच्यानंतर तो नागपुराक इलो. तुका लांबसून बघी. कॉलेजाच्या गेटाकडे एकदा उभो होतो, म्हणा होतो. तो इतकाच एकदा बोललो.”

केतकीला दर बुधवारची संध्याकाळ आठवली. कोकम घातलेलं बांगड्याचं तिखलं, भाताची वाफ, सुमेधचं “आई, आमच्या वऱ्हाडात असा मासा स्वप्नातही दिसत नाही.” आणि काटा एकही नाही. किती निगुतीनं साफ करतात गं तुझे ते बाजारातले काका, असं ती स्वतः म्हणाली होती, बोटं चाटत. ती उठून मोरीशी गेली, तोंडावर पाणी मारून परत आली.

“गेले कधी?”

“गणपती झाल्यार. बाजारातल्या पोरांनी घाटावर नेल्यानी. माका बुधवारी कळला. तेना सांगून ठेवलेला, बांगडे घेणारी मालवणी बाई येता, तिच्याकडे अस्थी देवा. पिशवयेत घालून दिल्यानी माका. मासळीच्याच पिशवयेत.”

“आणि तू टाकीत?”

“दर्यावरच्या माणसाचा हाड खाऱ्या पाण्यात जावक व्हया. हयसर खारा पाणी खंय आसा? माका एकटीक गावाक जावक होणा नाय. तुका काय सांगून नेलं असतंय?” आयेनं लेकीकडे पाहिलं. “तूच म्हटलंस, हो समुद्रच आसा. मी मानलंय. तू दुपारी कॉलेजात गेललंस. खुर्चयेर चढलंय आणि सोडलंय.”

ज्या गुडघ्यांना फरशीवर बसवत नव्हतं, त्या गुडघ्यांनी ती खुर्चीवर चढली होती. आणि खरा समुद्र मूठभर राख क्षणात विरवून टाकतो. काचेतला समुद्र इवलासा, त्याला एका माणसाचंही ओझं पेललं नव्हतं.

*

दुसऱ्या दिवशी सकाळी सुमेधनं त्या कक्षाला फोन केला. “हाव मॅडम, नाव सांगतो. विश्राम. मासळीबाजार. घाटावर नोंद सापडेल तुम्हाला.” पलीकडून किबोर्डचे टकटक आवाज आले. सापडली. प्रकरण बंद झालं. सरकारच्या लेखी विश्राम नावाचा माणूस दोनदा मेला होता आणि सदानंद मोंडकर एकदा. हिशेब तसा बरोबरच होता.

मग तिघांनी मिळून वाळू काढली. नळीचं टोक मोरीत गेलं नाही. सुमेधनं पाण्याचे मोठे कॅन आणले होते, तोंडावर आयेचं जुनं पातळ चौघडी करून बांधलं. पाणी आणि वाळू त्यातून गाळत उतरत होती. दवाखान्याच्या टाकीत राणी एका कडेला टेकून होती, पण तिच्या कल्ल्यांची उघडझाप सावकाश झाली होती. नाडीनं सांगितलं, पहाटे तिनं एक कण खाल्ला.

“मी गाडीचं चार्जिंग लावून ठेवलंय,” सुमेध म्हणाला. “उद्या निघू, परवा सर्जेकोट. कॅन मागं मावतात. आई पुढं बसतील, पाय लांब करून. तू मागं बस केतकी, कॅन धरून.”

“मी येत नाही.”

“म्हणजे?”

“तुम्ही दोघं जा.” ती वाळू निपटत होती, मान वर न करता. “मी कॅन भरून देते. त्यापुढं नाही.”

“अगं, बाप आहे तुझा.”

“होता. माझा बाप बुडाला होता, सुमेध. त्याच्यासाठी मी रडले. शाळेत निबंधात त्याला लिहिलं. ही टाकी कुणासाठी केली मी? आणि तो जिवंत होता. इतकी वर्षं जिवंत होता.” तिचा आवाज चढला. “मामाला बुडवलं म्हणून तोंड दाखवायची लाज वाटली, हे समजू शकते मी. पण मी काय केलं होतं? मी दारात बसायचे रोज, आये, तुला आठवतं? शाळेतून आले की दप्तर पाठीवर तसंच ठेवून बसायचे. त्याला एकदाही यावंसं वाटलं नाही? एकदाही? कॉलेजच्या गेटशी उभं राहता येतं, दहा पावलं पुढं येता येत नाहीत? भित्रा होता. पळपुटा. त्याच्या अस्थींना मी हात लावणार नाही. माझ्या हातून नको त्याला समुद्र.”

आये पातळाची गाळणी धरून उभी होती. ओली वाळू तिच्या बोटांतून सांडत होती.

“तसा म्हणू नको गो.”

“का म्हणू नको? खोटं आहे?”

“आई, तुम्ही बसा न जरा,” सुमेध म्हणाला. तिच्या तोंडावरचा रंग गेला होता.

आये बसली नाही. तिनं गाळणी सावकाश कॅनवर ठेवली, पातळाचे कोपरे आत मुडपले, ओले हात पदराला पुसले. केतकी तिच्याकडे बघतच नव्हती. आयेनं तिची हनुवटी धरून तोंड वर केलं, लहानपणी भांग पाडताना धरायची तशी.

“केतू, माजा आयक आणि मगे माका काय ता म्हण. तो इल्लो.”

“कुठं?”

“घराक. पुतळो जाळल्यार महिन्याभरान. सकाळचा. तू शाळेत गेललंस. कारवारच्या होडयेवाल्यांनी तेका उचललेल्यांनी, थंय तापान पडललो तो. मागल्या दारात येऊन उभो रवलो. अंगार सदरो नाय. आणि पयला तुजा नाव घेतल्यान. ‘केतू खंय आसा?’ म्हणान.”

केतकीच्या हातातली नळी खाली पडली. उरलंसुरलं पाणी फरशीभर पसरलं.

“माज्या हातात विश्रामाचो शर्ट होतो, पेटयेतसून काढललो. मी तेका आत घेवक नाय. पाणीसुदिक देवक नाय. मी म्हटलंय, ‘माजो भाऊ बुडवलंस आणि तू जितो इलंस? मेलंस तसोच मेलेलो ऱ्हव. केतूच्या डोळ्यांक दिसलंस, तर तिका घेऊन मी दर्यात जातलंय.’” आयेचा हात अजून लेकीच्या हनुवटीखाली होता, तिनं तो काढला नाही. “तो माज्या पाया पडलो. मगे गेलो. पळाक नाय, केतू. तुजो बापूस दारात इललो, आणि मी तेका धाडून दिलंय.”